बाजू दुसरी, शेवटचं गाणं

मी एका गाजलेल्या रेकॉर्डवर आहे, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल याची गणती नाही. आल्मुट, म्हणजे माझी बायको, म्हणते की लग्नात पाद्र्यासमोर 'हो' म्हणायच्या आधी मी तेच म्हणालो होतो. ही अतिशयोक्ती आहे. पाद्र्याला मी ते नंतर सांगितलं, जेवताना.

रेकॉर्ड म्हणजे 'डावा गमबूट' या बँडची 'कृपया टेकू नये'. त्र्याऐंशी साली आमच्या ल्युटरबेकमध्ये ज्याच्या घरी ही रेकॉर्ड नसे, त्याच्याकडे आम्ही दयेनं बघत असू. चार पोरांचा बँड. त्यातल्या एकालाच गिटार धड वाजवता येई आणि त्याला त्यांनी ड्रमवर बसवलेलं. 'मावशी चुकीच्या ट्राममध्ये', 'दही संपलं, प्रेमही संपलं' अशी एकेक गाणी. आज कागदावर लिहिताना ती थोडी कमी खोल वाटतात, पण त्या वयात आम्ही दह्याचा अर्थ लावण्यात अख्ख्या दुपारी घालवल्या.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं 'मला पुन्हा गरम कर' हे आमच्याच गावात, नगरभवनात, समोर प्रेक्षक बसवून रेकॉर्ड केलेलं. त्यात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबतात. तीन सेकंद शांतता. आणि त्या शांततेत सभागृहाच्या मागून कुणीतरी ओरडतं, "माझी छत्री कुणी घेतली?" की लगेच धाडकन ड्रम. ते इतकं अचूक जमलं होतं की बँडनं ते काढलंच नाही. पुढची दोन-तीन वर्षं देशभरची पोरं हे वाक्य ओरडत हिंडत होती. परीक्षेच्या हॉलमध्ये, वरातीत, आणि एकदा तर दफनविधीला, तेही अगदीच चुकीच्या क्षणी.

तो ओरडणारा मी.

बाकी माझ्या आयुष्यात ओरडण्यासारखं काही घडलेलं नाही. मी नगरपालिकेच्या उद्यान खात्यात आहे, गावातले सार्वजनिक बाक माझ्या अखत्यारीत येतात. बाकावरचा माणूस बाकाचा विचार करत नाही, त्यामुळे कौतुक म्हणून जे काही असतं ते मला त्या छत्रीकडूनच मिळत आलं. ऑफिसात नवा माणूस आला की त्याला आधी कॉफीचं यंत्र दाखवतात आणि मग मला.

तर सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी आमच्याकडे आल्मुटचा भाऊ विनफ्रीड कॉफी-केकला आला होता. विनफ्रीड दातांचा डॉक्टर आहे. समोरचा माणूस तोंड उघडून गप्प बसतो, याची त्याला चाळीस वर्षांची सवय. आलुबुखाऱ्याच्या केकवर सायीचा तिसरा डोंगर रचत तो म्हणाला, "ऑर्टविन, वाईट वाटणार नसेल तर एक बोलू?"

असं विचारणाऱ्या माणसाची आपल्याला वाईट वाटावं अशीच मनापासून इच्छा असते.

"बोल."

"तो आवाज बाईचा आहे."

"कुठला आवाज?"

"छत्रीवाला. मी परवा दात घासताना आठवून बघितला. बाईचा आहे रे तो."

"विनफ्रीड, मी तिथं होतो," मी शक्य तितक्या थंडपणे म्हणालो. "मागच्या दाराशी, छत्र्यांच्या स्टँडजवळ. मला सगळं लख्ख आठवतंय. पितळी स्टँड होता. बाहेर धो धो पाऊस."

"पाऊस असेल रे. पण बाईचा आहे."

आल्मुट म्हणाली, "मग भांडताय कशाला? लावून ऐका की."

बायका प्रश्न सोपे करतात आणि माणूस त्यात अडकतो. ती रेकॉर्ड आमच्या घरात अठ्ठावीस वर्षं वाजली नव्हती. कंपनीनं पुढं काढलेल्या नव्या आवृत्तीत कुणीतरी उत्साही माणसानं 'आवाज स्वच्छ' केला आणि माझी छत्रीही झाडून टाकली. म्हणजे आता माझ्या हाताशी पुरावा एकच उरला होता, आणि तो आमच्या तळघरात, स्कीच्या काठ्या आणि चेरीच्या मुरंब्याच्या मागं होता.

"पुढच्या शनिवारी ये," मी विनफ्रीडला म्हणालो. "आणि येताना माफी घेऊन ये."

रेकॉर्ड सापडली, धड सापडली. रेकॉर्ड प्लेअरही सापडला, पण तबकडी फिरवणारा त्याचा रबरी पट्टा वितळून काकवीसारखा झाला होता. मी तो बोटानं काढत जिन्यात उभा होतो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे प्रिबिला खाली आले. प्रिबिला ट्रामच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. जगातली प्रत्येक वस्तू ही एक बिघडलेली ट्राम आहे, असं त्यांचं मत आहे.

"पट्टा विकत आणायचा नाही," त्यांनी बजावलं. "पट्टा विकत आणणारी माणसं पुढं घरंही विकतात. मुरंब्याच्या बरणीला जी रबराची रिंग असते ना, ती बसवा. माझी जबाबदारी."

'माझी जबाबदारी' म्हणणाऱ्या माणसावर आजवर कधी जबाबदारी आल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

शनिवारी विनफ्रीड आला, रिंग बसवली, सुई टेकवली. रिंग पट्ट्याहून आखूड होती की चाकावर चढून बसली होती देव जाणे, पण 'डावा गमबूट' पिसाटल्यासारखा धावत सुटला. मावशी चुकीच्या ट्राममध्ये चढली आणि वीस सेकंदांत उतरली. चारी गायक उंदरांसारखे चिवचिवत होते. शेवटच्या गाण्यात शांतता आली, ती खोकण्याइतकीही टिकली नाही, आणि एक चिमुकला आवाज किंचाळला.

विनफ्रीडनं चमचा खाली ठेवला. "माझी चूक झाली. बाई नाही, बालवाडीतली मुलगी आहे."

प्रिबिलांनी मग माझ्या पायजम्यातलं इलॅस्टिक काढलं. माझी परवानगी घेतली नाही. पायजमा मात्र माझ्या अंगावर नव्हता, एवढं सौजन्य परिस्थितीनं दाखवलं. इलॅस्टिकवर रेकॉर्ड अशी चालली की प्रत्येक शब्दाला जांभई देऊन यायला वेळ मिळत होता. छत्रीचं वाक्य आलं ते विहिरीत पडलेल्या बैलानं मदत मागावी तसं.

"हा मी असू शकतो," मी म्हणालो.

"हो, हा तू असू शकतोस," आल्मुट म्हणाली, आणि भावाबहिणीला हसू आवरेना. नवरा या पदाचा मान आमच्या घराण्यात पूर्वीपासूनच बेताचा आहे, पण पाहुण्यांसमोर तरी तो राखला जायचा.

पुढच्या आठवड्यात मी प्रिबिलांच्या नकळत खरा पट्टा मागवला. तो बसवला तर तबकडी अगदी शहाण्यासारखी फिरायला लागली, पण स्पीकरनं प्राण सोडलेले. हे मात्र प्रिबिलांपासून लपवता आलं नाही, कारण मी "मेले!" असं जोरात म्हणालो आणि ते सांत्वनाला आले. अर्ध्या तासात त्यांनी त्यांच्या बागवाल्या मंडळाचे स्पीकर आणले. गावाबाहेर भाड्याच्या छोट्या बागा असतात ना, तिथल्या मंडळींचं हे मंडळ. वार्षिक जत्रेत रस्सीखेचीचे गडी बोलवायला हे स्पीकर वापरतात. उंची माझ्या खांद्यापर्यंत. आमच्या बैठकीत ते ठेवल्यावर आम्हाला बसायला बाल्कनी उरली.

मी सुई टेकवली. पहिला सूर निघाला आणि भिंतीवरचं सासूबाईंचं चित्र पालथं झालं. पुढं काय वाजलं ते मला सांगता येत नाही, कारण दारावरची घंटा वाजत होती.

दारात पहिल्या मजल्यावरच्या डीकमानबाई. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, हातात इमारतीच्या नियमांचा कागद, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला. माझं पायपुसणं दारापासून चार सेंटिमीटर बाहेर आहे, अशी चिठ्ठी मागं त्यांनीच लावली होती. मोजून बघितलं तर खरोखरच चार होतं.

"श्टुकमान, एक वाजून दहा मिनिटं झाली आहेत." त्या मला आडनावानंच हाक मारतात.

एक ते तीन ही वामकुक्षीची वेळ. मी विसरलो होतो. मी, नगरपालिकेचा माणूस.

"बाई, फक्त एक गाणं..."

"माझ्या कपाटातले ग्लास एकमेकांच्या अंगावर चाललेत. शिवाय नियम अकरा. एवढ्या मापाची यंत्रं राहत्या घरात लावता येत नाहीत. तीन वाजल्यानंतरही नाही. उद्याही नाही. तुम्ही निवृत्त झाल्यावरही नाही."

"मग लावायची कुठं?"

त्यांनी कागद उलटला. नियमांत त्या कुणावर अन्याय करत नाहीत. "तळघरातली कपडे वाळवायची खोली. सोसायटीच्या कार्यालयात अर्ज करा. मला काय ऐकायचंय ते ठरवायचा हक्क मलाही आहे, एवढंच."

सोमवारी मी सोसायटीच्या कार्यालयात गेलो. तिथं झेंगर नावाचे गृहस्थ बसतात. मी स्वतः सरकारी माणूस असल्यानं टेबलापलीकडच्या माणसाला कसं बोलावं हे मला ठाऊक आहे, असा माझा समज होता.

"वाळवणाची खोली हवीय. एक रेकॉर्ड ऐकायचीय."

"कार्यक्रमाचं स्वरूप?"

"कार्यक्रम नाही हो. मी ऐकणार, माझी बायको ऐकणार, मेव्हणा ऐकून शरमणार."

"तिघं." झेंगरांनी पेन खाली ठेवलं. "दहा माणसांच्या आत कार्यक्रम होत नाही."

"तेच म्हणतोय. कार्यक्रम नाही. मग परवानगी नकोच."

"बरोबर. परवानगी नको."

"मग किल्ली द्या."

"किल्ली कार्यक्रमाला मिळते."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, त्या नजरेत जराही दुष्टावा नव्हता. बाकावर स्वतःचं नाव कोरण्याची परवानगी मागायला आलेल्या म्हाताऱ्याकडे मी असंच बघितलं होतं, हे मला आठवलं आणि कसंसंच झालं.

"समजा, दहा लोक जमवले तर?"

त्यांचा चेहरा खुलला. "मग प्रश्नच नाही! आठ दिवस सूचनाफलकावर नोटीस, तीन ते पाच ही वेळ, एक अग्निशामक नळकांडं, आणि शिस्तीसाठी एक जबाबदार रहिवासी. रहिवासी मी सुचवू का? तुमच्या इमारतीत डीकमानबाई म्हणून आहेत, फार चोख."

नोटीस मी लिहिली: 'संगीत श्रवण. शनिवार, दुपारी तीन.' इतकं साधं. पण ती फलकावर लावायला मी आल्मुटकडे दिली आणि तिनं खाली गंमत म्हणून जोडलं: 'छत्तीस वर्षांनी छत्रीचा निकाल. सर्वांचं स्वागत.' प्रिबिलांना ते इतकं आवडलं की त्यांनी एक प्रत बागवाल्यांच्या फलकावर डकवली. बागवाल्यांपैकी एकाची सून गावातल्या वर्तमानपत्रात काम करते. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी पावाबरोबर पेपर उघडला तर तिसऱ्या पानावर मी. फोटो मात्र माझ्या एका बाकाचा.

शनिवारी आभाळात ढगाचं पिल्लूही नव्हतं. अडीच वाजता मी खिडकीतून खाली बघितलं. इमारतीसमोर साठेक माणसं उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात छत्री होती. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे केस गेलेले, पण सगळे माझ्याच पिढीचे. काही जणांनी फक्त डाव्या पायात गमबूट घातला होता आणि ते एका बाजूला कलून चालत होते.

वाळवणाच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. दोरीवर प्रिबिलांच्या चादरी होत्या, त्या काढायला ते तयार नव्हते, कारण नोटिशीत तसं म्हटलेलं नव्हतं. आल्मुटनं बटाट्याचं सॅलड केलेलं, ते कपडे धुण्याच्या यंत्रावर मांडलं. डीकमानबाई दाराशी खुर्ची टाकून, घड्याळ मांडीवर ठेवून बसल्या. शेजारी अग्निशामक नळकांडं, तेही त्यांच्यासारखंच ताठ.

तेवढ्यात गर्दीतून एक गृहस्थ पुढं आले. अंगात चामड्याचं जाकीट, कधीकाळी त्याची चेन लागत असावी.

"श्टुकमान तुम्हीच का?" ते म्हणाले. "मला तुमच्याशी बोलायचंय. छत्रीचं ते वाक्य मी ओरडलोय."

"आपण?"

"मी. शेजारच्या गावातून सायकलवर आलो होतो."

मागून आणखी एक आवाज आला, "सायकलवर छत्री घेऊन? काहीतरी सांगता का! तो मी होतो." हे एक निवृत्त मास्तर निघाले. त्यांनी पुरावा म्हणून आपल्या आईचं पत्र आणलं होतं. त्यात आईनं छत्री हरवल्याबद्दल त्यांना गाढव म्हटलं होतं.

विनफ्रीड माझ्या कानाशी लागून म्हणाला, "ऑर्टविन, तुमचं गायनमंडळ होतं काय रे?"

तीन वाजले. डीकमानबाईंनी मान हलवून परवानगी दिली आणि मी सुई टेकवली.

आता एक कबूल करतो. इतक्या वर्षांनी ऐकताना पहिली बाजू काही तेवढी चांगली नव्हती. ड्रमवाला चांगला होता, कारण तो गिटारवाला होता. बाकीचे गात होते की एकमेकांना हाका मारत होते ते कळत नव्हतं. पण दुसऱ्या गाण्यात एक ओरखडा येतो, खर्र खट्, तो आला आणि माझी वयाच्या एकविसाव्या वर्षाची खोली डोळ्यांसमोर उभी राहिली. खिडकी, रेडिएटरवर वाळत टाकलेले मोजे, आणि पलंगाच्या कडेला टेकून बसलेली, तेव्हा नुकतीच ओळख झालेली आल्मुट. मी तिच्याकडे बघितलं. ती सॅलड वाढता वाढता थांबली होती. साठ माणसं दह्याचं गाणं गात होती, सगळी बेसूर, सगळ्यांचे डोळे ओले.

मग दुसरी बाजू. मग शेवटचं गाणं. वाद्यं थांबली. एक. दोन.

"माझी छत्री कुणी घेतली?"

धाडकन ड्रम.

आवाज बाईचा होता. आणि नुसता बाईचा नव्हता. बागवाल्यांच्या त्या राक्षसी स्पीकरमधून तो इतका स्वच्छ आला की आमच्या इमारतीतल्या कुणालाही शंका राहिली नाही. 'एक वाजून दहा मिनिटं झाली आहेत' म्हणणारा तोच आवाज. प्रिबिलांच्या हातातली बशी कलंडली. एकेक करत सगळ्या माना दाराकडे वळल्या.

डीकमानबाई उभ्या राहिल्या होत्या. घड्याळ खाली पडलं होतं.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलं का?"

मी सुई उचलली.

"बाई, तुम्ही 'डावा गमबूट'ला गेला होता?" आल्मुटनं विचारलं.

"गेले होते म्हणजे? तक्रार करायला गेले होते! नगरभवनाच्या समोरच राहत होते मी तेव्हा. माझे ग्लास वाजत होते. छत्री दारातल्या स्टँडमध्ये ठेवली, व्यवस्थापकाला शोधलं, तो लपून बसलेला. परत येते तो छत्री गायब. मग आत शिरून विचारलं. सरळ प्रश्न होता, सरळ विचारला."

"पण एवढी गाजलेली रेकॉर्ड, तुम्ही कधीच ऐकली नाहीत?"

"मी असलं ऐकत नाही. पुढं रस्त्यानं जाताना पोरं तेच ओरडायची. मला वाटायचं, मला चिडवताहेत. दोन वर्षं मी भाजी आणायला मागच्या गल्लीनं जात होते."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की दोरीवरच्या चादरी हलल्या. चामड्याचं जाकीट आणि मास्तर, दोघंही आपापले हक्क विसरून पुढं धावले. लोक छत्र्या पुढं करून सही मागायला लागले. बाईंनी आधी 'छत्रीवर लिहिल्यानं कापड खराब होतं' असं सांगितलं, मग पहिली सही केली: 'डीकमान, पहिला मजला'. विसाव्या छत्रीपर्यंत त्यांचे गाल लाल झाले होते.

मी उपड्या टबावर बसलो होतो. विनफ्रीडला बोलायची गरजही नव्हती, तरी तो बोलला. "बाईचा आहे, म्हटलं नव्हतं?"

वर्तमानपत्रातली ती सून वही घेऊन बाईंशी बोलत होती. "छत्री मग मिळाली का हो?"

"नाही. वडिलांची होती ती. तपकिरी. मुठीला लाकडी कुत्र्याचं डोकं. एक कान तुटलेला, तो हाताला टोचायचा."

माझ्या उजव्या तळहाताला एकदम टोचलं.

खोटं सांगत नाही, खरोखर टोचलं. आणि मग एखाद्या जुन्या फायलीची गाठ सुटून कागद बाहेर सांडावेत तसं सगळं आठवलं. आमचं घर रेनकोटवाल्यांचं. आमच्याकडे छत्री कधी नव्हतीच. आणि त्या संध्याकाळी शेवटचं गाणं मी ऐकलंच नव्हतं, कारण मला सात नंबरची बस धरायची होती. बाहेर पाऊस कोसळत होता, समोर पितळी स्टँड होता, आणि आसपास कुणी नव्हतं. पुढच्या वर्षी रेकॉर्ड आली. आल्मुट मला म्हणाली, "तू होतास ना तिथं? मग हे ओरडलं कोण?" ती तेव्हा इतकी सुंदर दिसत होती की खरं उत्तर द्यायला मला सवडच झाली नाही. खोटं छत्तीस वर्षं नीट सांभाळलं की ते आपल्याच घरातलं होतं, त्याला कुणी ओळखपत्र विचारत नाही.

आता गप्प बसणं सोपं होतं. कुणालाही काही माहीत नव्हतं. पण डीकमानबाई एकविसाव्या छत्रीवर सही करत होत्या आणि ती छत्री तपकिरी होती. त्यांनी पेन थांबवलं, मूठ वळवून बघितली, आणि काही न बोलता सही केली.

मी टबावर उभा राहिलो. टब डगमगला.

"छत्री मी घेतली होती," मी म्हणालो.

कुणाला ऐकूच गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा खरं ओरडायची वेळ आली होती. "डीकमानबाई! तुमची छत्री मी घेतली!"

शांतता. तीन सेकंदांपेक्षा बरीच जास्त.

"तूऽऽ?" आल्मुट म्हणाली.

"आणि ती बसमध्ये विसरलो."

पुढं जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. लोकांनी मला खांद्यावर उचललं. छत्तीस वर्षं अख्खा देश विचारत होता 'कुणी घेतली?', आणि उत्तर टबावर उभं होतं! 'यानंच घेतली, यानंच घेतली' असा घोष सुरू झाला. मास्तर माझा हात हलवत म्हणाले, "अभिनंदन, श्टुकमान. ओरडणारे आम्ही खूप आहोत. घेणारा एकच." विनफ्रीडचा चेहरा असा झाला होता की जणू कुणी भूल न देता त्याचीच दाढ काढावी.

डीकमानबाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. लोकांनी मला खाली ठेवल्यावर त्या समोर आल्या.

"बस कुठल्या नंबरची?"

"सात."

"सोमवारी सकाळी नऊला खाली या. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात जायचंय." मग त्यांनी खाली पडलेलं घड्याळ उचललं. "आणि पाच वाजलेत."

सोमवारी बाई करड्या कोटात, हातमोजे घालून उभ्या होत्या. बसमध्ये त्यांनी मला आपल्या मागच्या बाकावर बसवलं. घरी आल्मुट दोन दिवस माझ्याशी अगदी गोड बोलत होती, आणि बोलता बोलता मध्येच "आणखी काय काय घेतलंस रे तू?" असं विचारत होती.

कार्यालयातला कारकून पंचविशीचा, चेहऱ्यावर कसलाच भाव नसलेला.

"वस्तू?"

"छत्री."

"कधी हरवली?"

"ऑक्टोबर, एकोणीसशे ब्याऐंशी," डीकमानबाई म्हणाल्या.

त्यानं तेही लिहून घेतलं. या बाबतीत आमच्या कारकुनांना तोड नाही. "बाई, वस्तू सहा महिने ठेवतात. नंतर लिलाव."

"लिलावात कुणी घेतली?"

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो."

"ही सबब झाली का?"

त्यानं बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग तो उठला आणि भिंतीतलं एक मोठं कपाट उघडलं. आत छत्र्याच छत्र्या, वटवाघळांसारख्या लटकलेल्या. "या नव्या आहेत, मुदत संपत आलेल्या. यात तुमची आहे का बघा," तो हळूच म्हणाला. "असेल तर सही करा आणि न्या."

बाईंनी हातमोजे काढले. एकेक छत्री उघडून, काड्या मोजून, दांडा वाकवून त्यांनी पाऊण तास पाहणी केली. मागं रांग लागली. शेवटी त्यांनी एक निळी, मोठी, सोनेरी मुठीची छत्री काढली आणि टेबलावर ठेवली.

"हीच."

"वस्तू माझ्याच मालकीची असल्याचं मी प्रतिज्ञापूर्वक सांगते, इथं सही," कारकून म्हणाला.

माझं पायपुसणं मोजणाऱ्या त्या बाईंनी, पेन जराही न थरथरता, सही केली.

आम्ही बाहेर आलो. मला राहवेना.

"बाई, तुमची तपकिरी होती ना?"

"होती."

"कुत्र्याच्या डोक्याची."

"होती."

"मग ही..."

डीकमानबाई थांबल्या. "श्टुकमान," त्या म्हणाल्या, "छत्री कशी न्यावी, हे आज तुम्ही मला शिकवणार आहात का?"

पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. बाईंनी छत्री उघडली. ती इतकी मोठी होती की खाली चार माणसं आरामात मावली असती. मी पुढं सरकलो.

"तुम्ही बाहेरून चला," त्या म्हणाल्या.

मी बसस्टॉपपर्यंत बाहेरून चाललो.